स्थौल्यशस्त्रक्रियेनंतरचे अस्थिपोषण : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

वजन कमी करण्यासाठी जठरावर व आतड्यावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया काही वर्षांपूर्वीपर्यंत केवळ वृत्तपत्रांतून वाचावयाचा विषय होता. २०११ साली श्री. नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली व तिच्याविषयी जाहीरपणे सांगितले. २०१७ साली इजिप्तची इमान अहमद ही अतिस्थूल स्त्री मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणली गेली, तेव्हा तर घरोघरी या शस्त्रक्रियेची चर्चा झाली. आज ही शस्त्रक्रिया मोठ्या शहरातील धनिकांपुरती राहिलेली नाही. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ साली काढलेल्या निर्देशांनंतर, शरीरभार निर्देशांक ४० किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा ३५ किंवा त्याहून अधिक असून मधुमेह, हृद्रोग, निद्रेतील श्वासावरोध यांसारखे गंभीर उपद्रव जडलेले असल्यास, विम्याच्या आधारे ती करून घेण्याचा मार्ग पुष्कळ अंशी मोकळा झाला आहे. परिणामी कारखान्यातील कामगार, कार्यालयातील लिपिक, शिक्षिका आणि गृहिणीही ती करून घेऊ लागल्या आहेत.

पिंपळे गुरव हे पवनेकाठचे एकेकाळचे खेडे. पिंपरी, भोसरी, चाकण येथील कारखान्यांच्या आश्रयाने मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून आलेली हजारो कुटुंबे आज येथे व शेजारच्या नवी सांगवी, कासारवाडी, दापोडी भागांत वसली आहेत. येथे चिकित्सा करताना आम्हांस गेल्या काही वर्षांत एक नवा रुग्णवर्ग दिसू लागला आहे. शस्त्रक्रिया होऊन दीड-दोन वर्षे झालेली असतात. वजन पुष्कळ उतरलेले असते, मधुमेहाच्या गोळ्या कमी झालेल्या असतात, आणि रुग्ण समाधानी असतो. तक्रार निराळीच असते. कंबर दुखते, पिंडऱ्या ओढतात, केस मूठमूठ गळतात, जिना चढताना मांड्यांत बळ राहत नाही. शल्यचिकित्सकाकडील भेटी बंद झालेल्या असतात, त्यांनी दिलेल्या गोळ्याही 'आता वजन उतरले, गरज काय' म्हणून सुटलेल्या असतात. असा रुग्ण आपल्याकडे 'अशक्तपणावर काही आयुर्वेदिक द्या' म्हणून येतो. या प्रसंगी आपण काय करतो यावर त्याच्या पुढील वीस-तीस वर्षांच्या अस्थी अवलंबून असतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

शस्त्रक्रियेने कोष्ठात काय बदलते

आपल्याकडे सामान्यतः दोन प्रकार आढळतात. पहिल्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकून उरलेल्या जठराची अरुंद नळी करतात. यास 'स्लीव्ह' म्हणतात. दुसऱ्यात जठराचा वरचा छोटासा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. यास 'बायपास' म्हणतात. या कप्प्यात प्रारंभी जेमतेम ३० मि.लि. द्रव मावतो, आणि अन्न ग्रहणीस म्हणजे लघ्वंत्राच्या आद्य भागास स्पर्श न करताच पुढे जाते.

कॅल्शियमचे सक्रिय शोषण प्रामुख्याने याच आद्य भागात, 'ड' जीवनसत्त्वाच्या साहाय्याने होते. लोहाचेही शोषण तेथेच होते. बी-१२ च्या शोषणास जठरात स्रवणारा घटक व आम्ल लागते. स्लीव्हमध्ये ही स्रावभूमीच घटते, तर बायपासमध्ये अन्नाची तिच्याशी गाठच पडत नाही. चरकाचार्यांनी ग्रहणीस अग्नीचे अधिष्ठान म्हटले, सुश्रुताचार्यांनी तेथेच पित्तधरा कला सांगितली. बायपासमध्ये अन्नाच्या वाटेतून नेमके हेच स्थान वगळले जाते, हे लक्षात घेतले की पुढील सर्व उपद्रवांचा उलगडा होतो.

हा धोका नवा नाही. १९५० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया सुरू झाली होती. तिच्यात वजन झपाट्याने उतरे, परंतु यकृताचे विकार, वृक्काश्मरी व अस्थिविकार इतके होऊ लागले की ती सोडून द्यावी लागली. आजच्या शस्त्रक्रिया तिच्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहेत. तथापि शोषणाचा प्रश्न कमी-अधिक प्रमाणात त्यांतही आहे, आणि तो रुग्णाच्या आयुष्यभर राहतो.

मेद, अस्थी आणि वायू

अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूलाचे वर्णन करताना चरकाचार्यांनी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. अशा पुरुषात केवळ मेदाचाच उपचय होतो, इतर धातूंचे तसे पोषण होत नाही. अर्थात स्थूल मनुष्याच्या अस्थी शस्त्रक्रियेपूर्वीच सुपोषित असतात असे गृहीत धरता येत नाही. आधुनिक तपासण्याही हेच दाखवितात. 'ड' जीवनसत्त्व स्नेहात विरघळणारे असल्याने ते मेदात अडकून राहते, आणि स्थूल रुग्णात त्याची रक्तातील पातळी बहुधा आधीपासूनच कमी असते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही मेदाचे प्रमाण अधिक असते, हे जगापुढे मांडले. त्यांच्याच गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पुणे परिसरातील ६७ टक्के पुरुषांत बी-१२ ची पातळी कमी आढळली होती. ज्या प्रदेशात निरोगी म्हणविणाऱ्यांची ही स्थिती, तेथे शोषणमार्ग आखूड केलेल्या रुग्णाची काय असेल?

विमानस्थानात अस्थिवह स्रोतसांचे मूळ मेद व जघन असे सांगितले आहे. मेदाचा क्षय अल्पावधीत आणि मोठ्या प्रमाणात झाला तर त्यापुढील धातूवर, म्हणजे अस्थीवर, त्याचा आघात होणारच. शिवाय वाग्भटाचार्यांनी अस्थी व वायू यांचा आश्रयाश्रयी भाव इतर धातू-दोषांच्या उलट सांगितला आहे. इतर ठिकाणी आश्रय वाढला की आश्रयी वाढतो, येथे मात्र वायू वाढला की अस्थी क्षीण होतात. अल्पाशन, द्रुत कर्शन आणि कोष्ठातील मार्गबदल या तिन्ही गोष्टी वातवर्धकच होत. अस्थितोद, दंत-केश-नखांचे पतन ही अस्थिक्षयाची शास्त्रोक्त लक्षणे आणि या रुग्णांची यादी समोरासमोर ठेवावी, साम्य आपोआप दिसेल.

अस्थी का झिजतात

आधुनिक विज्ञानानुसार याची चार कारणे एकत्र येतात. पहिले, कॅल्शियम व 'ड' जीवनसत्त्वाचे शोषण घटते. रक्तातील कॅल्शियम उतरू नये म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथीचा स्राव वाढतो व तो अस्थीतून कॅल्शियम काढून रक्तात ओततो. दुसरे, १२० किलोचा भार वाहणाऱ्या अस्थींवर एकाएकी ८० किलोचाच भार येतो. भार कमी झाला की अस्थी आपली घनता तेवढी राखीत नाही. तिसरे, आहारात प्रथिने अपुरी पडून मांसधातू घटतो, आणि मांसाचा ताण हाच अस्थीचा मुख्य व्यायाम असतो. चौथे, मेदातून व आतड्यातून स्रवणाऱ्या संप्रेरकांचे संतुलन बदलते, स्त्रियांत इस्ट्रोजेनही घटते.

बायपासनंतरच्या पहिल्याच वर्षात नितंबाच्या अस्थींची घनता ८ ते १० टक्क्यांपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. कॅनडातील क्यूबेक प्रांतातील रुग्णांची माहिती घेऊन २०१६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा शस्त्रक्रियेनंतर अस्थिभंगाचा धोका वाढल्याचे दिसले. तसेच भंगाची स्थानेही बदलून हात, कणा, नितंब अशी अस्थिसौषिर्यात आढळणारी झाली. जेथे शोषण अधिक घटविले जाते अशा शस्त्रक्रियांत हा धोका स्पष्ट असतो. पहिली दोन वर्षे रुग्णास काहीच जाणवत नाही. अस्थिभंग होतो तो नंतर, आणि तोवर पूरके सुटलेली असतात.

तपासणी : कशास फसू नये

अशा रुग्णाकडून प्रथम शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख व घरी गेल्यावेळचा कागद मागून घ्यावा. कित्येकांस आपली शस्त्रक्रिया स्लीव्ह की बायपास हेही सांगता येत नाही. पुढील चिकित्सा मात्र त्यावरच ठरते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. रक्तातील कॅल्शियम 'नॉर्मल' आले म्हणजे सर्व ठीक, असा निष्कर्ष काढू नये. शरीर अस्थी झिजवून ती पातळी राखीत असते. घरातील धान्य संपत असताना कोठार फोडून रोजचे जेवण चालू ठेवावे, तसाच हा प्रकार आहे. म्हणून कॅल्शियमबरोबर अल्कलाइन फॉस्फेटेज, २५-हायड्रॉक्सी 'ड' जीवनसत्त्व व पॅराथायरॉइड संप्रेरक पाहावे. 'ड' ३० नॅनोग्रॅम प्रति मि.लि. च्या वर असावे, असे संबंधित संस्थांचे मार्गदर्शन आहे. बी-१२, फेरिटिन व हिमोग्लोबिन यांची जोड असावी. अस्थिघनतेची डेक्सा चाचणी शस्त्रक्रियेपूर्वी, तसेच सुमारे दोन वर्षांनी करणे उचित.

अस्थिसौषिर्य व अस्थिमार्दव यांतील भेदही ध्यानी ठेवावा. अस्थिसौषिर्य बहुधा वेदनारहित असते. ज्यास बरगड्या, नडगी, कंबर दाबल्यावर दुखते, मांडी घालून बसल्यावर उठताना हाताचा टेकू लागतो, चाल डुलती होते, त्यास 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावाने झालेले अस्थिमार्दव असण्याची शक्यता अधिक. अशा रुग्णास संधिगतवात किंवा आमवात समजून महिनोन्महिने केवळ गुग्गुळकल्प देत राहिल्यास काळ फुकट जातो व अस्थी आणखी मृदू होतात.

पूरकांचे गणित

स्लीव्ह व बायपासनंतर आहार आणि पूरके मिळून दररोज १२०० ते १५०० मि.ग्रॅ. मूलद्रव्यरूप कॅल्शियम मिळावे, असे अमेरिकेतील चयापचय व स्थौल्यशस्त्रक्रिया संस्थेचे मार्गदर्शन आहे. एका वेळी ५०० ते ६०० मि.ग्रॅ. पेक्षा अधिक नीट शोषले जात नाही, म्हणून मात्रा विभागून द्यावी लागते. 'ड३' दररोज ३००० एकके, पातळी येईपर्यंत देतात. बी-१२ मुखावाटे दररोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, अथवा दरमहा १००० मायक्रोग्रॅमची सुई देतात. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांस, तसेच स्लीव्ह वा बायपास झालेल्यांस ४५ ते ६० मि.ग्रॅ. लोह लागते.

'मूलद्रव्यरूप' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४० टक्के कॅल्शियम असते, सायट्रेटमध्ये सुमारे २१ टक्के. म्हणजे कार्बोनेटच्या १२५० मि.ग्रॅ. गोळीतून ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळते, तर सायट्रेटच्या १००० मि.ग्रॅ. गोळीतून सुमारे २१० मि.ग्रॅ. आकड्यांवरून कार्बोनेट स्वस्त व समर्थ वाटते. परंतु ते विरघळण्यास आम्ल लागते. या रुग्णांचे जठराम्ल आधीच घटलेले असते, आणि पुष्कळांना शस्त्रक्रियेनंतर आम्लप्रतिबंधक गोळ्याही काही महिने चालू असतात. सायट्रेटला आम्लाची गरज नसते, ते रिकाम्या पोटीही चालते. बायपासनंतर होणाऱ्या ऑक्झलेटच्या मूतखड्यांपासूनही सायट्रेट संरक्षण देते. म्हणून येथे सायट्रेटलाच प्राधान्य आहे. कार्बोनेटच द्यावयाचे झाल्यास ते जेवणाबरोबर द्यावे.

कॅल्शियम व लोह एकत्र देऊ नयेत, दोहोंत किमान दोन तासांचे अंतर हवे. थायरॉइडच्या गोळीपासून कॅल्शियम व लोह दोन्ही चार तास दूर असावीत. कारखान्याच्या पाळीत काम करणाऱ्या रुग्णास हे तोंडी सांगून साधत नाही. आम्ही त्यास कागदावर वेळापत्रकच लिहून देतो. पहिल्या पाळीत नसलेल्या रुग्णाचा नमुना असा : सकाळी ७ वाजता थायरॉइडची गोळी, ११ वाजता ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम, दुपारी २ वाजता लोह व लोहयुक्त बहुजीवनसत्त्व गोळी, सायंकाळी ६ वाजता पुन्हा ५०० मि.ग्रॅ. कॅल्शियम, रात्रीच्या जेवणाबरोबर 'ड३'. उरलेले ३०० ते ४०० मि.ग्रॅ. कॅल्शियम दूध, दही व नाचणीतून येते. रात्रपाळी असेल तेव्हा घड्याळाचे आकडे बदलतात, अंतरे मात्र तीच राहतात.

आपल्या भस्मांचे स्थान

आता मुख्य प्रश्न. प्रवाळ, मौक्तिकशुक्ती, शंख, कपर्दिका, कुक्कुटांडत्वक् ही आपली नित्याची औषधे. रासायनिक दृष्टीने ही सर्व मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट होत. अग्निपुटानंतर त्यांतील काही अंश कॅल्शियम ऑक्साइडमध्ये बदलतो. गोदंती हे कॅल्शियम सल्फेट. यांपैकी शंख व कपर्दिका आपण अम्लपित्तात व शूलात देतो, ते त्यांच्या अम्लशामक गुणामुळे. म्हणजे ती आम्लाशी संयोग पावूनच कार्य करतात. जेथे आम्लच नाही तेथे त्यांचे विघटन मंद होणार, हे ओघाने आले.

मात्रेचा हिशोबही मांडून पाहावा. प्रवाळपिष्टी २५० मि.ग्रॅ. दिवसातून दोन वेळा दिली तर ५०० मि.ग्रॅ. द्रव्य पोटात जाते. ते सर्व शुद्ध कार्बोनेट मानले तरी त्यातून २०० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळते. गरज १२०० ते १५०० ची. तेव्हा 'प्रवाळ चालू केले आहे, आता कॅल्शियमच्या गोळ्या बंद करा' हा सल्ला शास्त्राच्या कोणत्याही बाजूने समर्थनीय ठरत नाही. आपल्या पूर्वाचार्यांनी प्रवाळाची योजना मिलिग्रॅमांची भरपाई करण्यासाठी केलीच नव्हती. शीतवीर्य, पित्तशामक, बल्य म्हणून ती आहे, आणि त्या कार्यात ती आजही उपयुक्त आहे. तिच्यावर नसलेले ओझे लादून आपण तिचीच अप्रतिष्ठा करतो.

मग आपण काय द्यावे? धात्वग्नी व वायू हे आपले क्षेत्र. अस्थिप्रदोषज विकारांत चरकाचार्यांनी बस्ती, तसेच तिक्तद्रव्यसिद्ध क्षीर व घृत यांचा उपदेश केला आहे. जखमा पूर्ण भरून आल्यावर, शल्यचिकित्सकाची संमती घेऊन, अल्पमात्रेत तिक्तक्षीर बस्तीचा क्रम करता येतो. या मार्गात संकुचित जठराचा अडसर येत नाही, हा त्याचा मोठा लाभ. बाह्य स्नेहन व मृदु स्वेदन वातशमनास साहाय्य करते. लाक्षा, अर्जुन, अश्वगंधा, अस्थिशृंखला यांची योजना प्रकृती व अग्नी पाहून करावी. अस्थिशृंखला म्हणजे आपली कांडवेल. तिच्या ताज्या कांडात घशास खाज आणणारे ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. बायपास झालेल्या व मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्या रुग्णास तिचा कच्चा रस देऊ नये. कुक्कुटांडत्वक् भस्म शाकाहारी रुग्णास देताना त्याचे मूळ सांगणे हेही आपले कर्तव्य समजावे.

हे सर्व पूरकांच्या जोडीला द्यावयाचे आहे, त्यांच्या जागी नव्हे.

काय टाळावे

१. वमन कधीही देऊ नये. तीक्ष्ण विरेचन व लेखन बस्ती टाळावेत. रुग्ण आणखी वजन उतरविण्यासाठी मेदोहर, लेखनीय कल्प मागतो. क्षीण होत चाललेल्या धातूंवर लेखन करणे अनर्थकारक आहे.

२. आसवारिष्टे देताना विचार करावा. त्यांत स्वयंजनित मद्यांश असतो आणि गूळ-साखरही असते. बायपासनंतर मद्य रक्तात फार वेगाने चढते. गोड द्रव एकदम आतड्यात उतरल्यास धडधड, घाम, चक्कर, जुलाब असा त्रास होतो. अवलेहांनाही हेच लागू आहे. च्यवनप्राशाचा मोठा चमचा या रुग्णास सोसत नाही.

३. क्वाथाची नित्याची मात्रा या जठरास फार होते. घन, वटी किंवा सूक्ष्म चूर्ण अल्प प्रमाणात, जेवणापासून दूर द्यावे.

४. लोहभस्म व मंडूरकल्प लोहाच्या वेळी, प्रवाळादी कल्प कॅल्शियमच्या वेळी द्यावेत. त्रिफळा व अर्जुनासारखी कषाय द्रव्ये तसेच चहा लोहाच्या वेळेपासून दूर ठेवावा, कारण त्यांतील कषायांश लोह बांधून ठेवतो.

५. सतत उलट्या होणारा रुग्ण आल्यास तो केवळ छर्दीचा रुग्ण समजू नये. शरीरातील थायामिनचा, म्हणजे बी-१ चा, साठा अवघ्या काही आठवड्यांचा असतो. उलट्यांबरोबर दृष्टी दुहेरी होणे, तोल जाणे, गोंधळणे अशी लक्षणे असल्यास ती तातडीची अवस्था होय. अशा वेळी थायामिन देण्याआधी ग्लुकोजचे सलाइन लावल्यास मेंदूस कायमची इजा पोहोचू शकते. रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे व चिठ्ठीत शस्त्रक्रियेचा उल्लेख ठळकपणे करावा.

६. अस्थिघनता फारच उतरली असल्यास आधुनिक चिकित्सक अस्थिक्षयरोधक औषध शिरेतून देतात, कारण त्या वर्गातील मुखावाटेच्या गोळ्या या जठरास व्रण करू शकतात. तत्पूर्वी 'ड' जीवनसत्त्वाची भरपाई होणे आवश्यक असते. त्या निर्णयात रुग्णास अडवू नये.

औषधविक्रेत्या बंधूंस

या विषयात औषधविक्रेत्याचे स्थान वैद्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण शल्यचिकित्सकाची भेट बंद झाली तरी रुग्ण दुकानाची पायरी चढतच असतो.

चिठ्ठीत सायट्रेट असताना 'तेच आहे, कंपनी वेगळी' म्हणून कार्बोनेट देऊ नये. सायट्रेट शिल्लक नसल्यास तसे स्पष्ट सांगावे. वेष्टनावरील मोठा आकडा मिठाचा आहे की मूलद्रव्याचा, हे वाचून ग्राहकास सांगावे. 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० एककांची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरती असते. ती रोज घेऊन रक्तातील कॅल्शियम घातक पातळीस चढल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. म्हणून पुडी देताना वार लिहून द्यावा.

वेदनाशामक गोळ्यांविषयी विशेष सावध असावे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांसारख्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. कंबरदुखीसाठी गोळी मागणाऱ्या ग्राहकास 'पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे काय?' एवढा एक प्रश्न विचारल्याने मोठा अनर्थ टळू शकतो. मोठ्या आकाराच्या, तसेच दीर्घकाळ विरघळणाऱ्या गोळ्या या रुग्णास योग्य नसतात. चावण्याच्या किंवा द्रवरूप पूरकांची माहिती त्यास द्यावी. भस्मे व पिष्टी अनुसूची 'टी' प्रमाणे उत्पादन करणाऱ्या परवानाधारक निर्मात्यांचीच ठेवावीत. नाव-गाव नसलेल्या 'हाडांच्या पुड्या' दुकानात नसाव्यात.

आहार व विहार

जठर लहान असल्याने प्रत्येक घासाचे मोल आहे. प्रथम प्रथिने, मग भाजी, शेवटी धान्य, असा क्रम ठेवावा. दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. पातळ मुगाचे वरण, दही, पनीर, अंडे चालणाऱ्यास अंडे, यांतून ती साधावीत. २५० मि.लि. गाईच्या दुधातून सुमारे ३०० मि.ग्रॅ. कॅल्शियम मिळते. बायपासनंतर दूध न सोसल्यास दही किंवा ताक द्यावे. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मि.ग्रॅ. कॅल्शियम असते. ताकातील नाचणीची आंबील अल्प प्रमाणात सहज पचते आणि आपल्याकडील रुग्णास ती परकी वाटत नाही. पालक व अळू यांत ऑक्झलेट अधिक असल्याने बायपासच्या रुग्णाने त्यांचा अतिरेक टाळावा. जेवताना पाणी पिऊ नये, मधल्या वेळात घोटघोट प्यावे.

आपल्या प्रदेशात ऊन मुबलक आहे, तथापि पाळीच्या बसमधून कारखान्यात व तेथून सदनिकेत जाणाऱ्या माणसास ते भेटत नाही. दुपारच्या सुट्टीत हात व दंड उघडे ठेवून काही मिनिटे उन्हात बसण्यास सांगावे. उन्हाने पूरकाची गरज मात्र संपत नाही.

व्यायामाविषयी रुग्णाची एक समजूत दूर करावी लागते. वजन उतरले म्हणजे व्यायाम संपला, असे त्यास वाटते. वास्तविक अस्थीवरील भार कमी झाला म्हणूनच आता व्यायाम अधिक हवा. चालणे, जिना चढणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, पुढे हलकी वजने उचलणे, या भार देणाऱ्या व्यायामाने अस्थिक्षयाचा वेग मंदावतो. आमच्या भागातील राजमाता जिजाऊ उद्यानात, ज्यास सारे डायनासोर गार्डन म्हणतात, सकाळी दोन-तीन फेऱ्या मारण्याचे औषध आम्ही चिठ्ठीतच लिहितो.

उपसंहार

आयुर्वेदाच्या चिकित्सकापुढे आज वारंवार असे रुग्ण येतील, ज्यांच्या शरीराची रचनाच मानवी हाताने बदललेली आहे. संहितांच्या काळी ही रचना नव्हती, परंतु तिचा विचार करण्याची तत्त्वे संहितांत आहेत. अग्नीचे अधिष्ठान वगळले गेले, मेदाचा सत्वर क्षय झाला, वायू वाढला, अस्थी क्षीण होऊ लागल्या, हे निदान आपण आपल्या भाषेत अचूक करू शकतो. त्याच प्रामाणिकपणाने हेही मान्य करावयास हवे की वगळलेल्या मार्गाची भरपाई मोजून-मापून दिलेल्या पूरकांनीच होते.

आमची सर्व वैद्यबंधू-भगिनींस विनंती एवढीच, की अशा प्रत्येक रुग्णास तीन प्रश्न विचारावेत. शस्त्रक्रिया कोणती व केव्हा झाली? आज कोणती पूरके चालू आहेत? शेवटची रक्ततपासणी कधी झाली? उत्तरे समाधानकारक नसल्यास आपले औषध लिहिण्यापूर्वी त्याच्या शल्यचिकित्सकास दोन ओळींचे पत्र लिहावे, सुटलेली पूरके पुन्हा सुरू करवावीत आणि वर्षातून एकदा तपासणीची तारीख त्याच्या कागदावर नोंदवून द्यावी. शल्यचिकित्सकाकडे रुग्ण वर्षातून एकदा जाईल किंवा जाणारही नाही. आपल्याकडे तो खोकल्यासाठी, मुलाच्या तापासाठी, आईच्या गुडघ्यासाठी वरचेवर येतो. त्याच्या अस्थींची राखण करण्याची संधी म्हणूनच सर्वाधिक आपल्याला आहे, आणि तिच्याबरोबर येणारी जबाबदारीही.